जेवणांनी देश मोजणाऱ्या विहीणबाई

आपला देश केवढा लांबरुंद आहे हे नकाशावाल्यांना विचारू नका, आमच्या विहीणबाईंना विचारा. त्या तुम्हाला जेवणांत सांगतील. पुणे म्हणजे एक चहा. नाशिक म्हणजे चहा आणि वर काहीतरी चटपटीत. नागपूर दोन जेवणं, दिल्ली तीन, आणि काश्मीर ते कन्याकुमारी म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "अर्धं पिंप दशम्या." माझ्या मुलासाठी त्यांची थोरली मागायला आम्ही बदलापूरहून अंबरनाथ पश्चिमेला गेलो, तेव्हा मुलाचा पगार विचारायच्या आधी त्यांनी मनातल्या मनात अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "तोंडातली बडीशेप संपायच्या आत पोचेल की पोरगी. चालेल." झालं, लग्न ठरलं. माझ्या मुलाला अजून वाटतं, नोकरी बघून ठरलं. वाटू दे बापडं.

डबा भरावा तर त्यांनीच. पहिल्या जेवणाला मऊ पोळ्या, दुसऱ्याला दशम्या, मधल्या वेळेला तिखट पुऱ्या. आणि हे सगळं घरच्यांपुरतं नाही, समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल त्याच्यासकट. सुकटीची चटणी मात्र तळाशी. "ताई, ओळख झाल्याशिवाय सुकट उघडायची नसते," हा त्यांचा नियम. दरसाल दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, हा दुसरा. त्यांचे सासरे छप्पन्न साली गाडीच्या दारात उभ्याने नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. लग्न होऊन आल्यापासून विहीणबाईंनी एक वर्ष चुकवलं नाही. बाळंतपणाचे दिवस भरत आले होते तरी गेल्या, आता बोला.

अशा बाईला ती नवी वेगाची गाडी, सुरतेकडे बांधतायत ती बुलेट ट्रेन, पटणार कशी? उल्हासनगरचा त्यांचा कापडवाला सिंधी त्यांना 'दादी' म्हणतो, त्यांच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तो एकदा खुशीत येऊन म्हणाला, "दादी, वो गाडी आने दो. सुबह सूरत जाके माल लाऊंगा, दोपहर को दुकान खोलूंगा." विहीणबाईंनी हातातला ब्लाऊजपीस खाली ठेवला. "और खाएगा किधर? दोन घास खाऊन होत नाहीत तोवर उतरा म्हणणार. शेजारचा कोण, कुठला, त्याच्या घरी म्हातारं कोण आहे, काही कळायचं नाही. असला देश बघून काय करायचं?" विहारात बायका जमल्या की वंदना झाल्यावर हेच भाषण. एवढा पैसा साध्या गाड्यांना लावा, डबे वाढवा, संडास धुवा. आम्ही माना डोलवायचो. होतंच ते खरं.

आणि मग त्यांच्या धाकटीला, इंजिनियर झालेल्या पोरीला, त्याच गाडीच्या कामावर नोकरी लागली. सुरतेकडे. विहीणबाईंनी उठून पेढे आणले. अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले आणि प्रत्येक दारात पेढ्याबरोबर गाडीविरुद्धचं भाषणही दिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मावशी, आम्ही अभिनंदन करू की निषेध?" तर म्हणे, "पोरीचं अभिनंदन करा, गाडीचा निषेध करा. तोंड एकच आहे, पेढा आधी खा."

यंदा मात्र पाठीने दगा दिला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, लांबचं बसणं बंद. माझा मुलगा म्हणाला, या वर्षी राहू द्या. धाकटी म्हणाली, विमानाने जा. "विमानात मी डबा कोणाला देऊ? ढगांना?" पण आवाजात नेहमीची धार नव्हती. दसरा चुकतो की काय या धास्तीने बाई जेवेनात, आणि जेवणांवर देश मोजणारी बाई जेवत नाही म्हणजे बघा. शेवटी धाकटी रजा काढून आली. म्हणाली, "आई, मी हेच सांगत होते ना? वेगाची गाडी असती तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली असतीस, पाठीला कळलंही नसतं."

"मग ती पहिली नागपूरला का नाही नेली?" विहीणबाई कडाडल्या. "व्यापाऱ्याला घाई असते आणि दुखणेकऱ्याला नसते, होय गं?"

पोरीने फोन काढून नागपूरच्या गाड्या बघायला घेतल्या. मग हळूच म्हणाली, "कुठून न्यायची ते मी नाही ठरवत, आई. मी बांधते. चल, खालचा बर्थ काढते, तू आडवी हो. मी येते सोबत."

मीही निघाले. कल्याणला गाडीत बसलो. विहीणबाई आडव्या, पोरगी पायाशी, आणि डबा पहिल्यांदाच पोरीच्या हातात. आडव्या पडूनसुद्धा बाईंचा कारभार चालूच: "त्या दादांना अजून एक दे. अगं, चटणी कोरडी नको देऊस." आणि गाडीत येईल त्याला सांगणं, "ही माझी धाकटी. ती वेगाची गाडी होतेय ना, तिचे खांब ही उभे करते. उन्हात, डोक्याला टोपी घालून. पुरुषमाणसं हिला विचारून काम करतात." निषेधाचा शब्द नाही! मी ऐकत होते. माझ्या सुनेची बहीण आहे हो ती, माझीही छाती फुगली.

भुसावळ गेल्यावर समोरच्या दादांनी, अकोल्याचे होते, पोरीला विचारलं, "ताई, आमच्याकडे कधी येणार ती गाडी?"

पोरगी डब्याचं झाकण लावू लागली. विहीणबाई कोपरावर उठल्या, दुखलं असणार, पण उठल्या. म्हणाल्या, "दादा, एवढा मोठा देश. एकट्या पोरीने किती खांब उभे करायचे?"

मग परत पडल्या आणि पोरीचा हात ओढून पाठीवर ठेवला. "इथे दाब जरा." पोरगी दाबत राहिली, दादा सुकट खात राहिले, आणि बाहेर कापसाची शेतं संथपणे मागे जात राहिली. आम्ही पोचलो. सकाळी त्यांनी पोरीच्या खांद्याला धरून, थांबत थांबत, स्तूपापर्यंत चालून वंदन केलं. परतताना पुढच्या वर्षीचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही.