हौशीरामच्या बोटातली बारा गावं

हौशीरामला लोक मलेरियावाला म्हणत. सरकारी कागदावर तो आरोग्य सेवक. घोडेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातली बारा गावं त्याच्याकडे होती. घरोघर जायचं, कुणाला ताप येतो का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पट्टीवर नंबर आणि वहीत नाव लिहायचं, हे त्याचं काम. महिन्याला एकशे वीस पट्ट्या झाल्याच पाहिजेत, असं वरून ठरलेलं. ताप कुणाला आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

माणूस कामसू, पण मनानं हळवा. दुसऱ्याच्या बोटाला सुई लावताना तोच डोळे मिटायचा. त्यात डोंगरात बातमी पसरलेली, की हा रक्त नेऊन पुण्याला विकतो. १९९३ साली आहुपे गावच्या लंकाबाईनं त्याला अंगणातूनच परत पाठवलं.

"माझ्या अंगात हाय त्येवढं मलाच पुरंना. तुला लागत आसंल तर तुझंच काढ की!"

हौशीरामनं हा सल्ला शब्दशः घेतला. परतीच्या एसटीला वेळ होता. हिरड्याच्या झाडाखाली बसून त्यानं स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि बारा पट्ट्या भरल्या. वहीत लिहिलं: लंकाबाई, वय पन्नास. धर्माजी, वय चाळीस. धोंडाबाई, वय बासष्ट. कुणी रडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत.

मग तीच रीत पडली. हौशीरामची तब्येत ठणठणीत, म्हणून बारा गावंही ठणठणीत. तीन वर्षांत मलेरियाचा एकही रुग्ण नाही. पंधरा ऑगस्टला त्याला शाल, नारळ आणि प्रमाणपत्र मिळालं.

"कसं जमवलं हो हे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"रक्त आटवलं, साहेब," हौशीराम म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

१९९६ च्या श्रावणात त्याला थंडी वाजून ताप भरला. पावसात भिजलो असेन, असं समजून त्यानं काढा घेतला. महिनाअखेर आलेली, म्हणून गोधडीत बसूनच एकशे वीस पट्ट्या भरल्या आणि पाठवून दिल्या. चौथ्या दिवशी आरोग्य केंद्रात पळापळ झाली. एकशे वीसपैकी एकशे वीस पट्ट्यांत मलेरिया! शंका घ्यावी तर आधीच्या तीन वर्षांवरही घ्यावी लागणार, म्हणून ती कुणीच घेतली नाही. जिल्ह्याहून जीपा आल्या. डोंगरात घराघरात फवारणी झाली, गुरांच्या गोठ्यातसुद्धा. सगळ्यांना समोर उभं करून कडू गोळ्या गिळायला लावल्या. हौशीरामही त्या गडबडीत गोळ्या खाऊन बरा झाला.

पण गोळ्या देण्याआधी पथकानं खरोखरीची रक्तंही घेतली होती. त्यात तिघांना खराच मलेरिया निघाला. त्यांतला भिमाजी दोन महिन्यांपासून अंथरुणावर होता. हाडांचा सापळा झालेला. हौशीराम त्याच्या उशाशी गेला, पाच मिनिटं बसला आणि उठला.

त्या दिवसापासून तो खऱ्या बोटांना सुई टोचू लागला. लोक नाही म्हणत, पुन्हा जाई. महिन्याला कशाबशा तीस पट्ट्या होत. त्याला दर तिमाहीला कारणे दाखवा नोटीस येऊ लागली. जुनं प्रमाणपत्र मात्र कुणी परत मागितलं नाही.

घोडेगावच्या पेठेत पुनमचंद शेठचं मेडिकल होतं. त्यांची मुलगी चेतना मुंबईला चित्रकला शिकून आली आणि चित्रं काढायची सोडून वस्तू मांडू लागली. सलाईनच्या बाटल्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, इंजेक्शनच्या कुप्या. याला मांडणशिल्प म्हणतात, असं तिनं घरात सांगून ठेवलं होतं. २००४ साली आरोग्य केंद्राचं जुनं सामान मोडीत निघालं. चेतनानं रीतसर अर्ज केला आणि जुन्या पट्ट्यांच्या पेट्या, वह्यांसकट, घरी आणल्या.

"आपल्याकडं कांदा घरात येत नाही, आणि तू रक्त आणतेस?" पुनमचंद शेठ ओरडले.

"वाळलंय, पप्पा."

"वाळलं म्हणून खारीक झाली का त्याची?"

पेट्या त्र्याण्णव ते शहाण्णवच्या होत्या. हौशीरामला ते कळलं तेव्हा तो पेठेतून जायचं टाळू लागला. पण दोन वर्षांनी चेतनानं पुण्यातल्या प्रदर्शनाला त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं.

हॉलमध्ये हजारो काचपट्ट्या तारांवर टांगलेल्या, मागून उजेड सोडलेला, प्रत्येकीखाली नाव. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "ही लंकाबाई बघा. काय काय सोसलंय या रक्तानं!" एका दाढीवाल्या समीक्षकानं माथ्यावरच्या गावांचं आणि पायथ्याच्या गावांचं रक्त कसं वेगळं दिसतं, ते समजावून सांगितलं. मग हौशीरामच्या हातात माईक दिला.

त्यानं टांगलेल्या काचांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ह्ये समदं माझं रगत हाय."

टाळ्या.

"लंकाबाई मीच. धर्माजी बी मीच."

लोक उभे राहिले. "आवं, खरंच सांगतोय! ह्या बोटातनं काढलंय!" त्यानं बोट वर केलं, तर फोटोवाल्यांनी गर्दी केली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या बोटाचा फोटो आला. खाली मथळा, 'बारा गावांशी रक्ताचं नातं'.

एकट्या चेतनानं टाळी वाजवली नव्हती. कार्यक्रम संपताच जिन्यात तिनं त्याला गाठलं होतं.

"काका, खरं सांगा."

हौशीरामनं सगळं सांगितलं, भिमाजीचंही. ती पायरीवर बसली. "दोन वर्षं या काचांसमोर बसून मी माणसं बघत होते," ती म्हणाली.

"मला बोलायला हवं व्हतं. धीर झाला न्हाई."

तिसऱ्या दिवशी तिनं काचांखालच्या नावांच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून एकच पाटी लावली: हौशीराम, वय सत्तावन्न. त्यानंतर दिल्लीत भरायचं ठरलेलं प्रदर्शन लगेच रद्द झालं. एका माणसाच्या रक्तात सामाजिक आशय उरत नाही, असं कळवण्यात आलं. हौशीरामनं खात्याला कबुलीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, की सदर कालावधीचे अभिलेख मोडीत काढले असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

"आता चल," हौशीराम चेतनाला म्हणाला. "खरी माणसं दाखवतो."

वर्षभर दोघं एसटीनं डोंगरात फिरले. ताप असेल त्याचंच रक्त हौशीराम घेई, तपासणीचं काम झालं की ती काच चेतनाकडे. बाकीच्यांच्या नावानं ती कोरी काच ठेवी. शेवटी एक्केचाळीस लाल काचा झाल्या आणि सहाशे कोऱ्या. घोडेगावात एका शाळेच्या वर्गात त्या दोन दिवस टांगल्या. समीक्षक आले नाहीत. पेठेत खरेदीला आलेली डोंगरातली माणसं येऊन आपापली काच शोधत राहिली. सोमवारी शाळा भरायची होती, म्हणून रविवारीच दोघांनी काचा उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. पुनमचंद शेठ दोरी घेऊन खोकी बांधायला आले.