हलका डोंगर

रविवारी दुपारी भाच्याच्या अंगात एकाएकी परोपकार संचारला आणि त्याने आत्याच्या ओट्यावरची भांडी घासायला घेतली. एरवी हा गृहस्थ स्वतःचा कपसुद्धा उचलून ठेवत नसे. पण त्या दिवशी आत्या फ्लॉवर आणायला खाली गेली होती, आतोबा आतल्या खोलीत घोरत होते, आणि वर्तमानपत्रातलं कोडं सुटत नव्हतं. त्याने सुऱ्या धुतल्या, झारे धुतले आणि शेवटी शेगडीवरचं मोठं पातेलं उचललं. त्यात काळपट, गढूळ, तळाशी पाचोळा साचलेलं पाणी होतं. नाक मुरडून त्याने ते सिंकमध्ये ओतलं, पातेलं लख्ख घासलं आणि त्यात बघून केस नीट केले.

आत्या दोन्ही काखांत एकेक फ्लॉवर घेऊन आली आणि शेगडीकडे बघत उभी राहिली.

"इथलं पातेलं?"

"घासलं," भाचा शाबासकीची वाट बघत म्हणाला.

"आणि त्यातलं?"

"ते घाण पाणी होय? ओतून दिलं."

जिचा आवाज वायरलेसशिवाय मालाच्या यार्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो ती बाई गप्प झाली, तेव्हा भाच्याला पहिल्यांदा संशय आला.

"सकाळपासून आटवत होते," ती शेवटी म्हणाली. "मश्रूमचे देठ, भाजलेला कांदा, गाजराची सालं. पातेलंभराचं वाटीभर करायचं होतं. आजच्या डोंगराची सगळी चव त्यात होती."

"अगं, मला कसं दिसणार?"

"तू दिवसभर लोकांचे डोळे तपासतोस ना रे?"

भाचा चष्म्यांच्या दुकानात नोकरीला होता. त्याने आपला चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पातेलं तेवढंच लख्ख दिसत होतं.

डोंगर म्हणजे या घरचा रविवार. तळाला खिमा, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा हातभर थर, त्यावर चीज, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवायला लोणी. किती लोणी, हे कोणी विचारायचं नाही आणि आतोबांनी सांगायचं नाही. आतोबा बेकरीत पाव भाजायचे. जन्म लोण्यात गेला, पण अंगाला कणभर चिकटलं नाही, माणूस खिळ्यासारखा सरळसोट. पहाटेच्या आधी भट्टीवर जायचे, दुपारी येऊन झोपायचे आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायचे. आत्या यार्डातून थकून येई आणि समोर येईल ते आनंदाने खाई. आतोबांना "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असलं काही बोलता येत नसे. ते लोणी घालत.

आत्या मालाच्या यार्डात क्रेन चालवायची. साठ हात उंचीवरच्या काचेच्या खोपटात बसून घराएवढे कंटेनर ती अशी उचलून ठेवायची की खाली ठेवल्याचा आवाज येऊ नये. जुन्या क्रेनला लोखंडी शिडी होती. ती चढून जाताना आत्या मध्ये दोनदा थांबे, खालच्यांना शिव्या देई आणि पुढे जाई. मग नवी क्रेन आली. तिला वर जायला एका माणसाची चिमुकली लिफ्ट, आणि शिडीला कुलूप. ती फक्त आग लागली तरच उघडायची.

पहिल्या दिवशी आत्या अवजारांची पिशवी, पाण्याचा कॅन आणि डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट वजन जास्त झालं म्हणून बोंबलली. सगळ्या यार्डादेखत. आत्याने पिशवी बाहेर ठेवली, तरी बोंबलत होती. कॅन ठेवला, तरी तेच. डबा ठेवल्यावर गप्प झाली असती तर निदान सगळं डब्यावर ढकलता आलं असतं. पण तेव्हाही बया रडतच राहिली. मुकादमाने खाली मान घालून सांगितलं, "बाई, थोडे दिवस गेटवर बसा. लिफ्टचं आणि तुमचं जमलं की वर." आणि क्रेनवर चिमणा नावाने ओळखला जाणारा एक सडपातळ इसम बसला. तो कंटेनर ठेवताना असा आवाज करी की गेटवरचा चहा हिंदकळे. गेटवर बसून तो आवाज ऐकणं ही आत्याची खरी शिक्षा होती.

डॉक्टरांनी कॅलरी कमी करायला सांगितल्या. आत्याने घरी येऊन जाहीर केलं, "उद्यापासून हलकं खायचं."

आतोबांना हा शब्द लागला. "माझ्या घरात हलकं शिजत नाही," ते म्हणाले. "हलका माल बेकरीत आला तर मी दारातून परत पाठवतो."

"हलकं म्हणजे तसलं हलकं नाही हो. वजनाला हलकं."

"शब्द एकच आहे ना? मग चवही एकच असणार."

तरी आत्याने आठवडाभर उकडलेल्या भाज्या खाऊन पाहिल्या. खाताना ती गेट पास तपासल्यासारखी एकेक तुकडा उलटसुलट करून बघे. चार वाजले की तिच्या पोटात कावळे ओरडायला लागत आणि घरी आल्याबरोबर ती आतोबांचा अख्खा पाव उभ्याउभ्या संपवी. आतोबा काही बोलत नसत. फक्त दुसऱ्या दिवशी पाव जरा मोठा येई.

मग एका दुपारी गेटवर बसल्या बसल्या तिला ते सुचलं. चिमणा एक कंटेनर उचलत होता. तो झर्रकन वर गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो रिकामा आहे. शेजारीच भरलेला होता. दोन्ही सारखे. रंग एक, उंची एक, लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. ती त्या दिवशी डोक्यावरचं हेल्मेट न काढताच भाच्याच्या दुकानात शिरली. एक आजोबा पाटीवरची अक्षरं वाचत होते. आत्याने पाटी आणि आजोबा यांच्या मधोमध उभं राहून सांगायला सुरुवात केली.

"ऐक. आकार म्हणजे वजन नाही. मी डोंगर लहान का करू? डोंगर तेवढाच ठेवायचा. आतला माल बदलायचा. निम्मे बटाटे काढले, फ्लॉवर भरला. निम्मा खिमा काढला, मश्रूम भरले. रिकामा कंटेनर, कळलं का?"

"पुढची ओळ दिसत नाही," आजोबा म्हणाले.

"बाई मधे आहेत," भाचा म्हणाला.

तेव्हापासून आत्याचं स्वयंपाकघर म्हणजे यार्ड झालं. दही फडक्यात बांधून नळाला टांगलं जाई, आणि टांगलेली वस्तू बघून ती इतकी खूश होई की येता-जाता तिला झोका देई. क्रीमच्या जागी ते घट्ट दही. चीज फक्त वर, तेही बारीक किसणीवर किसून, म्हणजे मूठभरात सगळा डोंगर झाकतो. पहिला डोंगर मात्र वाहून गेला. फ्लॉवरने पोटातलं सगळं पाणी सोडलं आणि बटाटा त्यात पोहायला लागला. दुसरा ताठ उभा राहिला, दिसायला हुबेहूब, पण खाऊन तासाभरात आत्या पुन्हा पावाच्या डब्यापाशी.

"वारा लागला की रिकामा कंटेनर हलतो," ती भाच्याला म्हणाली. "तळाला थोडं वजन पाहिजे." आणि तिने मश्रूमच्या जोडीला शिजवलेले मसूर घातले आणि डबा भरून गेटवर नेला. त्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, कावळे आले नाहीत. तिने गेटवरून भाच्याला फोन केला आणि म्हणाली, "शांतता आहे." आणि फोन ठेवून दिला.

राहिले आतोबा. रोजचा स्वयंपाक त्यांच्या हातात होता, म्हणजे लिफ्टची किल्लीही त्यांच्याच हातात होती. आत्या एक रविवार हलकं करील, पण बाकीचे दिवस लोणीच बोलणार. शेवटी दोघांचं ठरलं. आत्याने डोंगर करायचा. आतोबांनी न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतला, तर घरात यापुढे आत्या म्हणेल तसं शिजेल. नाही घेतला, तर आत्याने गेटवर बसायची सवय करावी. हे शेवटचं वाक्य आतोबांनी हळू आवाजात म्हटलं, कारण त्यांनाही ते नको होतं. पण बेकरीवाल्याची जीभ खोटं बोलू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो रविवार हाच. आणि त्याची सगळी चव सिंकमधून गेली होती.

भाच्याला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण आत्याने पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या, आतल्या घोरण्याला क्षणभर कान दिला आणि तिचे डोळे चमकायला लागले. क्रेनवर दोर अडकला की तिचे डोळे असेच चमकत, असं मुकादम सांगायचा.

"अजून घोरतायत. कांदे सोल. सगळे."

"तेल किती घालू?"

"चमचाभर. मग हलवत राहा. चिकटलं की पाण्याचा शिपका मार, आणि पुन्हा हलव."

भाचा हलवू लागला. डोळ्यांतून धारा, चष्म्यावर वाफ, म्हणजे ना डोळ्यांना दिसत होतं, ना चष्म्याला. शेजारी आत्या उकडलेला फ्लॉवर फडक्यात घालून असा पिळत होती की फ्लॉवरला जीव असता तर त्याने सगळं कबूल केलं असतं. आतलं घोरणं मध्येच थांबलं. दोघंही थांबले. कूस बदलल्याचा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

तेवढ्यात धूर आला.

"करपलं," भाचा हताशपणे म्हणाला. "आत्या, हेही गेलं."

आत्याने वाकून कढईत पाहिलं. तळाला काळपट-तांबूस थर धरला होता. तिने नाक जवळ नेलं आणि पाण्याचा पेला उपडा केला. चर्रकन आवाज झाला. लाकडी झाऱ्याने तळ खरवडला तेव्हा सगळा थर सुटून वर आला आणि गडद तपकिरी, दाट रस तयार झाला. तिने बोट बुडवून चाटलं. मग भाच्याचं बोट धरून बुडवलं.

भाच्याने बोट चाटलं आणि पुन्हा बुडवलं.

"हे त्या पातेल्यातल्यापेक्षा—"

"बोलू नकोस," आत्या म्हणाली. "तुझं तोंड उघडलं की काहीतरी सांडतं."

पण ती स्वतः नाचायचीच काय ती बाकी होती. खिमा, मश्रूम, मसूर, त्यावर तो रस, वर बटाटा-फ्लॉवरचा थर, त्यावर काट्याने ओढलेल्या रेघा आणि मूठभर चीज. ओव्हनचं दार बंद केलं आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. डोंगराला रंग चढताना बघत राहिली.

आतोबा उठले, तोंड धुऊन टेबलाशी बसले. आत्याने डोंगर समोर ठेवला. त्यांनी आधी वास घेतला, मग कडेने काटा घालून थर तपासला. पहिला घास. दुसरा. भाचा आपल्या बशीत बघत होता, पण कान आतोबांच्या जबड्यावर होते. बशी संपली. आतोबांनी काटा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले.



आतोबांनी मोठा चमचा उचलला आणि डोंगराच्या पोटात खुपसला.

"लोणी नाहीये यात," दुसरी बशी भरून झाल्यावर ते म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली.

"मला कळलं नाही असं समजू नकोस. पहिल्याच घासाला कळलं." ते खात राहिले. "पण हलकं नाही हे."

आत्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिली.

"वरचं कवच मात्र बिघडवलंयस," आतोबा पुढे म्हणाले. "ओव्हन तुला कळत नाही. वरची जाळी तापली की आत ठेवायचं असतं. उद्यापासून वरचं मी बघतो, आतलं तू सांग. आणि हा रस कोणी केला?"

"मी," भाचा लगबगीने म्हणाला.

"करपवलास ना?"

"हो."

"छान करपवलास."

पुढे आतोबांना चेव आला तो आलाच. बेकरीतल्या दोस्तांना ते सांगत, लोणी घालून काय कोणीही करील. स्वयंपाक आतोबांचा, हुकूम आत्याचा, आणि नळाला टांगलेल्या दह्याला आता दोघंही झोका देत.

काही महिन्यांनी मुकादमाने आत्याला पुन्हा लिफ्टपाशी बोलावलं त्या सकाळी भाच्याने दुकानात उशिरा येतो म्हणून सांगितलं आणि पिवळ्या रेघेच्या आत, उसनं हेल्मेट घालून उभा राहिला. यार्डातली झाडून सगळी माणसं काहीतरी काम काढून तिथेच रेंगाळत होती. आत्या लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट गप्प. तिने अवजारांची पिशवी आत ओढली. गप्प. पाण्याचा कॅन. गप्प. मग भाच्याने पुढे होऊन आतोबांनी भरलेला डबा तिच्या हातात दिला, आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले.

लिफ्ट जराशी कुरकुरली, दार लागलं आणि ती वर निघाली. खाली एवढा गलका झाला की गेटवर बसलेल्या चिमण्याचा चहा हिंदकळला.

थोड्या वेळाने एक कंटेनर जमिनीवरून उठला, हवेतून सरकत आला. भाच्याला राहवेना. त्याने मुकादमाच्या हातातला वायरलेस मागून घेतला.

"आत्या, ऐकतेयस का? खरं सांग, मी ते पातेलं ओतलं नसतं तर आज तू वर असतीस का?"

वरून खरखर आली. मग आत्याचा आवाज.

"बाजूला हो, हा भरलेला आहे."