आईच्या टेबलफॅनची बॅटरी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मुलुंडच्या घरातली मे महिन्यातली एक दुपार आठवली. जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून बाबा आईच्या टेबलफॅनसाठी बॅटरी बनवत होते. लाइट गेली की उकाड्याने तिला धाप लागायची. वाऱ्याने सोल्डरचा डाग नीट बसत नाही, म्हणून त्यांनी छताचा पंखा बंद ठेवला होता.

"अहो, वारा द्यायच्या आधी उकडून मारणार का मला?" आई वैतागली.

बाबांनी शेवटच्या सेलला डाग दिला, वायर जोडली. टेबलफॅन फिरला. आईने तो उचलला आणि घामाने निथळणाऱ्या बाबांकडे वळवला. बाबा हसले.

बॅटरी चालली म्हणून हसले, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.