शासन नेमील त्या तारखेस

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. बहरीनमधल्या हमद टाउनला मुलीकडे राहायला आलो की ज्याच्यामुळे ती घडली, तो माणूसच दर शुक्रवारी चहाला हजर!

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तोच हा समोर उभा. बहरीनलाच सित्रामधल्या कंपनीत स्टोअरकीपर, सुट्टीवर गावी आलेला. त्याला चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता.

"कशाला?"

"गावात कॅसिनो निघतोय सायब, सरकारी लायसनचा. माझी किनाऱ्यावरची जागा घेतायत, मला मॅनेजर करतायत. आज दुपारी राजीनामा मेल करतो."

"बायकापोरं?"

"तिकडंच. पोरगी ईसा टाउनला दहावीत. व्हिसा गेला की तीपन परत. पन वीस वर्षं झाली सायब, आता घरी ऱ्हायचंय."

"मी सांगेपर्यंत मेल करायचा नाही," मी दरडावलं आणि जागेचा करार करणाऱ्या एजंटला बोलावून घेतलं.

एजंट तोऱ्यात आला. कॅसिनोच्या कायद्याची प्रत त्याने टेबलावर आपटली. प्रत अस्सल होती! आवाज चढवणाऱ्याला मी दटावत नाही, वाचायला लावतो.

"कलम एक. मोठ्यानं."

"हा अधिनियम, शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या तारखेस अमलात येईल."

"मग कोणती तारीख नेमली?"

तो पानं उलटत राहिला. विधिमंडळाने कायदा केला होता, पण शासनाने तारीख कधी नेमलीच नव्हती. तारीख नाही म्हणून नियम नाहीत, नियम नाहीत म्हणून परवाना देणारा अधिकारी नाही, मग तपासणी आणि कर कुठले? त्याच्या परवान्यावर मात्र गोल शिक्का होता, आणि पठ्ठ्याने कलमातलंच वाक्य उतरवलं होतं: 'हा परवाना शासन नेमील त्या तारखेस अमलात येईल.'

"शिक्का कुठं बनवला?"

"झेरॉक्सवाल्याकडं," तो पुटपुटला. जागा लाटण्याचा डाव पुढे आपणच ओकला. गुन्हा नोंदवला.

स्टोअरकीपर बाकावर बसून ढसाढसा रडला. "वाचलो सायब, पन घर परत लांब गेलं." मला फार वाईट वाटलं. पुढे विधिमंडळाने तो कायदाच रद्द केला.

माझ्या नोकरीने मला एक शिकवलं: निव्वळ खोटा कागद चटकन पकडता येतो, माणूस बुडतो तो अर्ध्या खऱ्या कागदाने, कारण उरलेला अर्धा तो स्वतःच्या इच्छेने भरतो.

परवाच्या शुक्रवारी तो मुलीला घेऊन आला होता. कप खाली ठेवत म्हणाला, "आता खलास, सायब. कायमचा गावी चाललो, इंशाल्ला."

मराठी सगळं समजणारी, पण इंग्रजीतच बोलणारी त्याची मुलगी हसून म्हणाली, "अब्बा, डेट?"

त्याने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.