शेवटचा भाग वाचायचा राहिला

वसंता गेल्याचं त्याच्या मुलीनं, मीनलनं, सकाळी फोन करून सांगितलं. मी तेव्हा चष्मा पुसत होतो. दुपारी पिंप्राळ्याला त्याच्याकडे जायचं होतं; आमच्या कोरियन मालिकेचा एकच भाग उरला होता... "काका, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मला आधी तो भाग आठवला. तेव्हा त्याची लाज वाटली. आज पाच आठवड्यांनी लाजेपेक्षा स्वतःवरची चीडच जास्त आहे.

मालिका मीनलच्या मोबाइलवरची. एका खानावळीचा अबोल स्वयंपाकी आणि रोज तिथं जेवायला येणारा कारकून. दोघेही पुरुष, आणि एकमेकांच्या प्रेमात. वसंताची नजर मधुमेहानं नेली होती, म्हणून पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत वाचायच्या. इअरफोनची उजवी गुंडी त्याच्या कानात, डावी माझ्या. आयुष्यभर ग्रंथपाल असलेल्या माणसाला एवढं जमायला हवं होतं.

त्याचं लेखन सगळ्यांत आधी वाचायचं कामही माझ्याकडेच असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो अमळनेरला शाळेत शिकवायचा आणि मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. शनिवारी शाळा लवकर सुटली की तो माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. धुळ्याच्या एका स्पर्धेसाठी त्यानं एकांकिका लिहिली. एसटीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर, अकरा वर्षं एकाच गाडीवर. ड्रायव्हरची बदली होते. शेवटच्या फेरीला रिकाम्या गाडीत कंडक्टर घंटीची दोरी धरून नुसता उभा राहतो. दोनदा ओढली की गाडी निघणार. ड्रायव्हर मागं वळून ओरडतो, "अरे, डबल दे ना! झोपला का?" आणि कंडक्टर म्हणतो, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

माझं अक्षर बरं, म्हणून स्पर्धेला द्यायची प्रत मी काढत होतो. त्या ओळीपाशी हात थांबला. ते दोघं कोण, हे मला कळत होतं आणि वसंतानं ते माझ्यापासून लपवलंही नव्हतं. अकरा वर्षं आमचीच होती. मी त्या जागी लिहिलं, "तू मला सख्ख्या भावासारखा आहेस."

प्रत वाचून त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "घाबरला?"

"तुझी नोकरी जाईल, वसंता."

"माझी? का तुझी?"

त्यानं प्रत तशीच पाठवली. धुळ्यात माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. एकांकिकेला बक्षीस मिळालं, पण ते घ्यायला वसंता वर गेलाच नाही; तो बाहेर रसवंतीपाशी उभा होता. मी बोलवायला गेलो, तर म्हणाला, "तुन्ह्या टाळ्या शेत, बक्षीस बी तूच लई ये." त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही. वर्षभरानं त्याचं लग्न झालं. मी केलं नाही, पण त्यात शौर्य काही नव्हतं. आम्ही भावासारखे आहोत असं सगळे म्हणत राहिले. परवा भेटायला आलेलेही तेच म्हणाले, "भाऊ गेला हो तुमचा." कोणावर चिडणार? तो शब्द मीच तर त्यांना दिला होता...

तो जायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटून दुसरा भाग लावला होता. परगावी निघालेल्या कारकुनाला बसथांब्यावर गाठून स्वयंपाकी एकच शब्द बोलतो. खाली ओळ स्वच्छ उमटली होती. मी वाचलं, "तू मला... भावासारखा आहेस."

वसंतानं कानातली गुंडी काढली. "सारांघे म्हणाला तो. मीनलच्या बठ्ठ्या सिरियलमा येस तो शब्द. भाऊ नही त्याचा अर्थ."

"चुकलं रे. ओळ पटकन गेली."

"ओळ नाही गेली. तूच पळाला. म्हातारा झाला तरी तेच!" तो हसला, मला हसता आलं नाही. मग म्हणाला, "शेवटचा भाग लाव. आणि नीट वाच."

"उद्या," मी म्हणालो. "चष्म्यावर धूळ बसलीय. पुसून येतो."

गेल्या रविवारी पिंप्राळ्याला गेलो. मीनलनं काही न विचारता मोबाइल पुढ्यात ठेवला. मी डावी गुंडी कानात घातली, उजवी त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवली आणि ओळन् ओळ मोठ्यानं वाचत गेलो. शेवटाकडे तो शब्द पुन्हा आला. चष्मा स्वच्छ होता. मी वाचलं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." तेवढी ओळ मात्र पुटपुटल्यासारखी झाली.

मीनल चहाचे कप घेऊन दारात उभी होती. वडिलांच्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "काका, इथपर्यंत ऐकू नाही आलं. परत वाचा."

मी परत वाचलं.