शेवटचं नाव

वाटे घालताना रूथमावशी पाठमोरी उभी राहायची. शेवगावातल्या आमच्या कॉलनीच्या काही घरांनी मिळून गावाबाहेर, विहिरीला लागून, जमिनीचा एक तुकडा कसायला घेतलाय. शनिवारी सगळ्यांनी राबायचं, रविवारी निघालेली भाजी ताडपत्रीवर वाटून घ्यायची. एकाने वाट्याकडे बोट करून "हा कुणाचा?" विचारायचं आणि मावशीने मागे न बघता नाव घ्यायचं. स्वतःचं नाव ती शेवटी घ्यायची. त्यामुळे कुणाला किडकी भेंडी आली तरी तोंड उघडायची सोय नव्हती.

मावशी बालवाडीची निवृत्त बाई. एकटी राहायची, पण आवाज असा की विहिरीपलीकडचा माणूस दचकावा. भादव्यात आमच्याकडे दोडके, लाल भोपळे आणि गवारीला नुसता ऊत येतो. मग घरोघरी नाकं मुरडणं सुरू. "पुन्हा दोडकाच?" एका वर्षी दोन-तीन घरं गट सोडायलाच निघाली. मावशीने तिथेच बांधावर तीन दगड मांडले आणि तवा चढवला. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर खरपूस भाजून चटणी केली, भोपळा किसून गुळात शिजवला, त्याचे घारगे तळले. निबर गवारीकडे बघून कुणी तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "जून झालीय, मेली न्हाई. दात हायेत ना तुमाला? मग चावा की." गट सोडायला निघालेलीच माणसं डबे भरून नेऊ लागली. आमचा गट टिकला तो त्या चुलीवर, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. खुरपं घेऊन बसणं होईना, चुलीपुढे मात्र पाटावर बसायची. आमचे गटप्रमुख शिंदेसाहेब. त्यांनी मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, जो शेतात राबणार नाही त्याला वाटा नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं, "चुलीपुढे घाम गाळते ते काय मग?" उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखा." मावशीचा फोन साधा, ती ग्रुपवर नव्हतीच. "मी तिला सांगतो," असं साहेबांनी लिहिलं आणि सांगितलंच नाही.

त्या रविवारी मी गाडी लावून पोचले तर मावशी पाठमोरी उभी, नावं घेणं चाललेलं. मला वाटलं, साहेबांना लाज वाटली असेल, ठेवला असेल तिचा वाटा. माझं नाव झालं. मग विचारणारा गप्प झाला. मावशी जरा थांबली आणि तशीच पाठमोरी म्हणाली, "इचार की रं. माझा ऱ्हायलाय."

ताडपत्री रिकामी होती. ती वळली, तिने बघितलं. शिंदेसाहेब चष्मा पुसत होते.

"तोंडावर सांगायला कुनाची जीभ झडली हुती?" एवढं म्हणून तिने आपला तवा उचलला आणि लंगडत निघाली. त्यानंतर मी साहेबांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण एक शब्दही परत घेणार नाही.

संध्याकाळी माझी पिशवी घेऊन तिच्याकडे गेले. "तुझ्यातलं नको. माझा हाय तो पायजे," ती म्हणाली. भाजी वाया जाऊ नये म्हणून मात्र तिने चटणी वाटली, घारगे तळले आणि सगळं माझ्याच डब्यात भरलं. स्वतः बोटसुद्धा चाटलं नाही. ती पुन्हा शेतावर आलीच नाही.

दिवाळीच्या आधी मावशी झोपेतच गेली. कबरस्तानात शिंदेसाहेब म्हणाले, "मावशी म्हणजे आपल्या गटाचा प्राण." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता नावं मी घेते. पाठमोरी उभी राहते. शेवटचा वाटा उचलला गेला की म्हणते, "रूथमावशी." आणि वळत नाही.

परवा शिंदेसाहेब हळूच म्हणाले, "ताई, आता पुरे करा की."

"मग एक वाटा जास्त घाला," मी तशीच पाठमोरी म्हणाले.

त्यांनी अजून घातलेला नाही. मीही नाव घ्यायचं सोडलेलं नाही.