राष्ट्राध्यक्षाच्या भाषणातला खोडलेला परिच्छेद

माझी नात शाळेच्या कार्यक्रमात ऐन वेळी गांगरली, असे अमेरिकेतल्या कॅरी या आमच्या गावातल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात सांगितले जाते. सांगणारे माझाच मुलगा आणि सून आहेत. ही हकीकत साफ खोटी आहे, आणि ती खोडून काढण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

तिच्या शाळेत चौथीची मुले मेणाचे पुतळे होतात. इतिहासातल्या एकेका व्यक्तीचा वेष करून निश्चल उभे राहायचे. पायाशी चिकटवलेले कागदी बटण पाहुण्याने दाबले, की बोलायचे. नातीच्या वाट्याला वीस डॉलरच्या नोटेवरचा राष्ट्राध्यक्ष आला. पोरवयात अनाथ झालेला, शत्रूच्या अधिकाऱ्याचे बूट पुसायला नकार देऊन तलवारीचा वार झेललेला, पुढे सेनापती झालेला. मला तो माणूस आवडला. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेल्या मी तिचे भाषण हाती घेतले.

त्याने कायदा करून मूळ रहिवाशांना गावांतून हुसकावले आणि त्यांतल्या चेरोकी जमातीचे लोक वाटेत चालता चालता मेले, असे तिने शेवटी लिहिले होते. तो परिच्छेद मी खोडला.

"पण आजोबा, इट्स ट्रू!"

"ती पायपीट त्याच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळातली. शिवाय भाषणाचा शेवट चढता हवा, रडका नको."

तपशील अचूक होता. तो मी कशासाठी वापरतो आहे, हे मला तेव्हाही कळत होते.

कार्यक्रमात एका वृद्ध बाईंनी बटण दाबले. नातीच्या वर्गातल्या एका चेरोकी मुलाच्या त्या आजी. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकले आणि शांतपणे विचारले, "आणि आमच्या लोकांचं त्याने काय केलं?"

नातीने माझ्याकडे पाहिले. मी तळहात खाली दाबून खूण केली : गप्प. ती पुतळाच राहिली. बाई तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहून पुढे गेल्या.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. मुलगा म्हणाला, "ही स्टेजवर फ्रीज होते यार, म्हणून शाळेच्या डिबेटमधलं तिचं नाव कॅन्सल केलं." नात मान खाली घालून वरणभात कालवत राहिली.

"ती काहीही विसरली नव्हती," मी म्हणालो. "परिच्छेद मी खोडला, आणि तिला गप्पही मीच केले."

"बाबा, चौथीचा प्रोजेक्ट होता, सोडा ना."

"तू सोड. तिच्यावर हा आळ मी राहू देणार नाही."

नातीने प्रथमच वर पाहिले. "मग त्या आजींना कोण सांगणार?"

आयुष्यभर कोणालाही शेवटचा शब्द बोलू न दिलेल्या मी तो तिला बोलू दिला.

सोमवारी शाळा सुटताना तिने मला गेटपाशी नेले. त्या आजीबाई नातवाला न्यायला आल्या. मी राष्ट्राध्यक्षाच्या अनाथ बालपणापासून सुरुवात केली. नातीने बाही ओढली.

"आजोबा, डायरेक्ट सांगा."

मी सांगितले. त्यांनी मला क्षमा केली, असे सूनबाई आता सर्वांना सांगतात. तेही खोटे. मला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नातीला म्हणाल्या, "तुला माहीत होतं, ते मला दिसलं होतं." आणि नातवाचा हात धरून गाडीकडे गेल्या.